अंगणापलीकडची चौदा पावलं

आमच्या साखर पेठेतल्या घरात संडास अंगणापलीकडे आहे. मधल्या खोलीतल्या अण्णांच्या कॉटपासून संडासाच्या दारापर्यंत चौदा पावलं. वाटेत एक उंबरठा, अंगणात उतरायच्या दोन पायऱ्या, धुण्याचा दगड आणि शेवटी संडासाची वीतभर उंच पायरी. मी याच घरात वाढले, लग्न होईपर्यंत हीच वाट तुडवली, पण ती कधी मोजली नव्हती. मोजली ती गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, अण्णा त्या वाटेवर पडल्यानंतर.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७९. लक्ष्मी-विष्णू मिलच्या रिंग खात्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. रिंग खात्यात बसायला मिळत नाही. पाळीभर मशीनच्या कडेकडेनं फिरायचं, तुटलेली सुताची तार बोटांनी जोडायची, पुढं सरकायचं. मिल बंद पडल्यावर त्यांनी एका चादरीच्या गोदामात हिशेब लिहिले. त्यांच्या पायांवर आम्हा सगळ्यांचा इतका भरवसा होता, की ते पाय कधी म्हातारे झाले हे कुणी पाहिलंच नाही. आई गेल्यापासून ते त्या घरात एकटे राहतात. मी जुळे सोलापुरात, भाऊ पुण्यात.

त्या वर्षी जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला ते माझ्या मुलासोबत गेले आणि होम मैदानावर दोनदा खाली बसले. "धाप लागलीय जरा," एवढंच म्हणाले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८. शरीरातलं लोह संपत आलेलं. डॉक्टरांनी सांगितलं, या वयात पुरुषाच्या रक्तातलं लोह असं विनाकारण कमी होत नाही, कुठून तरी थेंबथेंब रक्त जातंय. मोठ्या आतड्याची उजवी बाजू, म्हणजे जिथं लहान आतडं येऊन मिळतं तो भाग, तिथून रक्त झिरपत असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. संडास लाल होत नाही, पोट दुखत नाही. माणूस फक्त फिका पडत जातो. आधी जठराची दुर्बीण झाली, त्यात काही निघालं नाही. मग मोठ्या आतड्याची दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोपी, ठरली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण मलाही ती आधी ठाऊक नव्हती. काहीच त्रास नसताना फक्त कॅन्सर लवकर सापडावा म्हणून ही तपासणी करायची असेल, तर वय झालेल्या प्रत्येकाला ती सरसकट सांगत नाहीत. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या शिफारशी ४५ ते ७५ वयापर्यंत सगळ्यांनी तपासून घ्यावं म्हणतात. ७६ ते ८५ या वयात माणसाची तब्येत आणि इच्छा बघून ठरवा म्हणतात, आणि त्यानंतर तशी चाळणी नकोच म्हणतात. अण्णांचं प्रकरण चाळणीचं नव्हतं. रक्त जात होतं, ते कुठून हे शोधायचं होतं. पण त्यांच्या वयाचा विचार तपासणी करायची की नाही एवढ्यापुरता झाला आणि तिथंच संपला. तपासणीच्या आदल्या रात्री त्या वयाला काय काय करावं लागेल, याचा विचार कुणीच केला नाही. मीही नाही.

दवाखान्यातून एक कागद मिळाला, पाठपोट इंग्रजीत छापलेला. आदल्या दिवशी हलकं जेवण. संध्याकाळी सहाला दोन गोळ्या. मग पावडरचं पाकीट दोन लिटर पाण्यात विरघळवून दर पंधरा मिनिटांनी एक पेला, सगळं रात्री आठच्या आत संपवायचं. पोट पूर्ण साफ झालं पाहिजे. कागदावर आणखी बरंच काही होतं, पण सगळं तोंडातून आत काय जायचं याबद्दलच. बाहेर कसं यायचं आणि तेवढ्या वेळा तिथवर कोण कसं जायचं, याची एक ओळही नव्हती.

मी पावडर कालवली, गार पाण्यात लिंबू पिळलं, पेले मोजून ठेवले. अण्णांनी पहिले तीन पेले शहाण्या मुलासारखे घेतले. सातनंतर जुलाब सुरू झाले. एकदा गेले, आले. पुन्हा गेले. तिसऱ्यांदा परत आले तेव्हा उंबरठ्यावर जरा थांबले, चौकटीला धरून. मला वाटलं, हवा खात असतील. एप्रिलातली रात्र, भिंतींतून उष्मा बाहेर येत होता, कूलरसमोर बसूनही अंग चिकट. नऊ वाजता मी विचारलं, "झालं का सगळं, अण्णा?" ते म्हणाले, "हौ की. झालं. तू झोप जा बाळ, सकाळी लवकर उठायचंय."

रात्री दोनच्या सुमाराला बादली उलटल्याचा आवाज आला. अंगणात अंधार होता. मला जाग येऊ नये म्हणून त्यांनी दिवा लावला नव्हता. धुण्याच्या दगडापाशी ते पडले होते, एका हातानं दगड धरलेला, लेंगा भिजलेला. मी जवळ गेले तर म्हणाले, "तू हिकडं येऊ नकोस." ते वाक्य मला अजून ऐकू येतं. पडलेल्या माणसाला उठवायला मुलगी धावते आणि तो माणूस तिला लांब राहायला सांगतो, कारण त्याचे कपडे खराब झालेले असतात.

हाड मोडलं नव्हतं. कुल्ल्याला मुका मार लागला होता. सकाळी तशाच अवस्थेत आम्ही तपासणीला गेलो. अर्ध्या तासात बाहेर येऊन सांगण्यात आलं, की आत मळ शिल्लक आहे, पुढचं काही दिसत नाही, तपासणी अर्धवट सोडावी लागली. पेशंटनं औषध पूर्ण घेतलेलं दिसत नाही. कागदावर एक शब्द लिहिला होता, त्याचा अर्थ अपुरी. बिल मात्र पुरतं होतं.

परत येताना रिक्षात मी अण्णांना बोलले. एवढं साधं सांगितलं होतं, नुसतं प्यायचं होतं, तेवढंही झालं नाही का, असं. ते काहीच बोलले नाहीत. कन्ना चौकातली गर्दी बघत बसले. त्या दिवशीच्या माझ्या बोलण्याची भरपाई मी आजवर करू शकलेले नाही, आणि हा लेख लिहूनही ती होणार नाही हे मला माहीत आहे.

मुका मार बघायला आमच्या गल्लीतली एक मुलगी आली. फिजिओथेरपी शिकलीय, लहानपणापासून अण्णांच्या ओळखीची. तिनं कुल्ला तपासला, मग त्यांना लाकडी खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आजोबा, हात छातीवर घडी घाला आणि उठा बरं." अण्णा पुढं वाकले, उठले नाहीत. पुन्हा वाकले, अर्धवट उठले, परत बसले. तिसऱ्यांदा उभे राहिले. ती म्हणाली, "आता अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा उठता येईल तितक्या वेळा उठा." पाच झाले. त्यांच्या वयाच्या पुरुषाला निदान अकरा जमावेत असं धरतात.

मग तिनं फरशीवर तीन मीटरवर खडूची रेघ मारली. खुर्चीतून उठायचं, रेघेपर्यंत नेहमीच्या चालीनं जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. तिनं मोबाईलवर वेळ लावली. ही चाचणी १९९१ सालापासून आहे, कॅनडातल्या दोघींनी बसवलेली. तिला ना यंत्र लागतं ना पैसे. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर तो माणूस पडू शकतो असं समजून चालतात. अण्णांना एकोणीस लागले. सगळ्यात जास्त वेळ वळताना गेला. खांबाला वळसा घालणाऱ्या बैलगाडीसारखे ते रेघेवर छोटी छोटी पावलं टाकत वळले.

"काकू," ती मला म्हणाली, "आजोबा रोज परसाकडं किती वेळा जातात?"

"एकदा. सकाळी."

"आणि त्या रात्री?"

मी मोजायला लागले आणि बोलता बोलता थांबले.

तो साधा हिशेब मला तोवर सुचला नव्हता. अण्णा सगळं स्वतःचं स्वतः करतात, हे मी अभिमानानं सगळ्यांना सांगायची. ते खरंही होतं. म्हाताऱ्या माणसाला काय काय जमतं हे बघण्याची सहा कामांची एक यादी १९६३ पासून जगभर वापरतात: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठणं, लघवी-शौचावरचा ताबा, हातानं जेवणं. या सहाही कामांत अण्णा पास होते. पण ते पास होते ते त्यांच्या गतीनं, दिवसाउजेडी, दिवसातून एकदा. सकाळी परसाकडं जाऊन आल्यावर ते अर्धा तास पेपर घेऊन बसायचे. मला वाटायचं, पेपर वाचतात. ते दम खात होते. त्यांच्या पायात दिवसाला एका फेरीपुरती ताकद उरली होती आणि ती फेरी झाली की पाकीट रिकामं. त्या रात्री त्याच पायांकडून आम्ही बारा-पंधरा फेऱ्या मागितल्या, अंधारात, ओल्या फरशीवर, उपाशीपोटी.

आणि फेरी म्हणजे नुसतं चालणं नव्हे. कॉटवरून उठायचं. दोन पायऱ्या उतरायच्या, एक चढायची. लेंग्याची नाडी सोडायची. उकिडवं बसायचं, तेही गुडघ्यांची वाटी झिजलेल्या माणसानं. धुवायला डबा उचलायचा, मग वर उठायचं. भारतीय बैठकीवरून वर उठणं ही या सगळ्यातली सगळ्यात अवघड गोष्ट, कारण तिथं धरायला काही नसतं. उठल्यावर बादली उचलून पाणी टाकायचं. मग नाडी बांधायची. आणि हे सगळं घाईत, कारण त्या औषधानं येणारी कळ थांबत नाही. निरोगी माणूस धावतो. ज्याला धावता येत नाही, त्याच्यापुढं दोनच वाटा राहतात: कपडे खराब होऊ द्यायचे, किंवा औषधच प्यायचं थांबवायचं.

नाडीबद्दल मला मुद्दाम लिहायचं आहे. पुढं एकदा दुपारी मी अण्णांच्या शेजारी बसून त्यांना नाडी सोडायला सांगितली. मिलमध्ये ज्या बोटांनी केसासारखी बारीक तार जोडली, त्या बोटांना गाठ सुटायला जवळजवळ मिनिट लागलं. अंगठ्याची पकड गेलीय. त्यांनी ते कुणालाच कळू दिलं नव्हतं. नाडी ते कधी पूर्ण सोडतच नव्हते, सैल करून लेंगा खाली सरकवायचे. त्या रात्री गाठ घट्ट बसली होती. लेंगा भिजला तो त्यामुळं. इतकी छोटी गोष्ट, आणि तिच्यापायी एक आख्खी तपासणी वाया गेली, असं मी म्हटलं तर ते फार चुकीचं ठरणार नाही.

कारण संध्याकाळी पहिल्यांदा कपडे खराब झाले, तेव्हाच अण्णांनी औषध थांबवलं. पाचव्या पेल्यानंतर. उरलेलं त्यांनी मोरीत ओतलं होतं. मला हे त्यांनी आठवड्यानंतर सांगितलं, माझ्याकडं न बघता. "तुला किती वेळा उठवू? आणि कशाला उठवू?" म्हणाले. मुलीनं बापाचे असले कपडे धुवायचे, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. मी धुतले असते. पण मी धुतले असते हे महत्त्वाचं नव्हतं, त्यांना ते नको होतं हे महत्त्वाचं होतं.

पुन्हा तपासणी करायची का, हा प्रश्न आम्ही त्यांच्यासमोरच काढला. भाऊ फोनवर म्हणाला, राहू दे, वय झालंय, लोहाची इंजेक्शनं देऊ. तोही एक निर्णय असतो आणि काही घरांत तोच बरोबर असतो. पण अण्णा म्हणाले, "होम मैदानावर बसायला नको वाटतंय मला. रक्त कुठून जातंय ते बघू." मग ठरलं. या वेळी तारीख घेण्याआधी तयारी करायची ठरली, आणि तयारी पोटाची नव्हे, घराची आणि पायांची.

पहिली तयारी पाण्याची. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. उन्हाळ्यात तर तोही भरवसा नसतो. पंधरा फेऱ्या म्हणजे प्रत्येक वेळी बादलीभर पाणी, शिवाय कपडे, शिवाय अंग धुणं. पहिल्या वेळी आम्ही नळाच्या चौथ्या दिवशी, टाकीच्या तळाला गेलेल्या पाण्यावर ही रात्र काढली होती. अण्णांनी त्यातही बादली अर्धीच भरून वापरली, कारण पाणी जपून वापरायची सवय अंगात मुरलेली. दवाखान्यात तारीख घेताना मी म्हटलं, पाणी येतं त्याच्या दुसऱ्या दिवशीची द्या. काउंटरवरच्या मुलीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग म्हणाली, "आमच्याकडं पण तसंच आहे ओ," आणि तारीख बदलून दिली.

मग कमोडची खुर्ची. सर्जिकलच्या दुकानातून भाड्यानं आणली, खाली भांडं असलेली, दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे. ती कॉटपासून तीन पावलांवर, पडदा लावून ठेवली. चौदाची तीन झाली. अण्णांनी तिच्याकडं दोन दिवस पाठ करून ठेवली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भाजी आणून परत आले तर ते तिच्यावर नुसतेच बसून बघत होते, दांडा किती उंच आहे, हात कसा टेकतो ते. मी परत बाहेर गेले आणि गेटची कडी वाजवून आत आले.

लेंग्याच्या जागी लुंगी. पायात रबरी तळाची चप्पल. अंगणात रात्रभर जळणारा छोटा दिवा. भांडं रिकामं करायला आणि धुवायला माझा मुलगा. हे त्यानंच ठरवलं. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "आई, तू समोरच्या खोलीत झोप. आजोबा आणि मी बघतो." एकोणीस वर्षांच्या मुलाला आपण काय शिकवलं आणि त्याला काय आपोआप कळलं, हे सांगता येत नाही.

पायांसाठी त्या मुलीनं रोज दोन वेळा खुर्चीतून उठण्याबसण्याचा व्यायाम दिला. सुरुवातीला दांड्याला हात लावून, मग न लावता. तीन आठवड्यांत कुणी पैलवान होत नाही. पाचाचे सात झाले. पण ती म्हणाली, हे दोन आकडे त्या रात्री शेवटच्या दोन फेऱ्यांना कामाला येतील. अण्णा मोठ्यानं मोजायचे आणि सातवर थांबले की म्हणायचे, "पाळी संपली."

औषधांचं डॉक्टरांशी बसून नीट ठरवलं. हे ज्याचं त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारूनच करायचं, कारण प्रत्येकाच्या गोळ्या वेगळ्या. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो, आतड्याच्या भिंतीला धरून बसतो. रक्तदाबाच्या औषधांत एक लघवीची गोळी होती. जुलाबानं पाणी जात असताना तीच गोळी आणखी पाणी काढते, म्हणून ती त्या दिवशी नको असं त्यांनी सांगितलं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं तर विचारल्याशिवाय उपास धरूच नये, साखर एकदम उतरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. मी भीतभीत विचारलं, दोन लिटरऐवजी छोट्या बाटलीतलं औषध चालणार नाही का? ते म्हणाले, फॉस्फेटचं छोटं औषध असतं, पण म्हाताऱ्या माणसाच्या किडनीला ते इजा करू शकतं. अमेरिकेतल्या औषध खात्यानं २००८ मध्ये त्याबद्दल कडक इशारा दिला होता. ही पावडर प्यायला जास्त, पण ती पाणी आपल्यातच धरून ठेवते, शरीरातलं पाणी आणि क्षार फारसे ओढून घेत नाही. दोन लिटर प्यायला लागतात ते त्याचसाठी. हे कारण पहिल्या वेळी कुणी सांगितलं असतं, तर प्रत्येक पेल्याला काही अर्थ आला असता.

आणि वेळ. या वेळी औषध दोन भागांत होतं: एक लिटर संध्याकाळी, एक लिटर पहाटे, तपासणीच्या चार-पाच तास आधी. दोन भागांत घेतलं की आतडं जास्त स्वच्छ होतं, विशेषतः उजवी बाजू, कारण रात्रभरात लहान आतड्यातून उतरणारा चिकट रस पहाटेच्या औषधानं धुऊन जातो. अण्णांसाठी त्याहून मोठा फायदा म्हणजे मध्ये चार तास झोप मिळाली. एका दमात पंधरा फेऱ्यांऐवजी सात आणि सात.

जेवणाचं ऐकून ते खट्टू झाले. तीन दिवस भाकरी बंद, शेंगाचटणी बंद, पालेभाजी बंद. सोलापूरच्या माणसाच्या ताटातून ज्वारी आणि शेंगा काढल्या तर काय उरतं? मऊ भात, वरणाचं गाळलेलं पाणी, रव्याची पेज. शेवटच्या दिवशी नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, चहा बिनदुधाचा. कोकम सरबत नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. कडक भाकरीच्या टोपलीवर मी फडकं टाकून ठेवलं. ते फडक्याकडं बघायचे.

ती दुसरी रात्र मेमधली. समोरच्या खोलीत मी जागीच होते, पण उठले नाही, उठायचं नाही असं ठरलं होतं. आतून आवाज येत होते. मुलगा म्हणत होता, "आजोबा, आधी कॉटवर बसा. पाय खाली सोडा. थांबा. आता उभे राहा. दहा मोजा." हेही त्या मुलीनंच शिकवलं होतं. जुलाबात पाणी गेलं की आडवा माणूस एकदम उभा राहिला तर रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि माणूस चक्कर येऊन पडतो. अण्णा मोजत होते. एक, दोन, तीन. दहा झाले की तीन पावलं. मग बराच वेळ शांतता. मग पाण्याचा आवाज. मग अण्णा, "चल बे, झालं," आणि मुलाचं हसू.

पेला स्टीलचा जड होता, तो बदलून मी प्लास्टिकचा दोन कानांचा मग ठेवला होता आणि त्यात नळी. बोटं थरथरली तरी सांडत नव्हतं.

पहाटे साडेचारला मी गजर लावला होता. गजराआधीच आतला दिवा लागला. अण्णा स्वतः उठले होते. आयुष्यभर पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी उठलेला माणूस. ते मुलाला सांगत होते, की रातपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी भोंगा ऐकला की वाईट वाटतं आणि पहिल्या पाळीला निघालेल्याला धीर येतो, भोंगा एकच असला तरी. दुसरा लिटर सहाच्या आत संपला. शेवटच्या वेळी मुलानं दारातून सांगितलं, "आई, पिवळं पाणी. एकदम स्वच्छ." त्याच्या आवाजात निकाल लागल्यासारखा आनंद होता.

या वेळी अहवालात अपुरी हा शब्द नव्हता, आकडे होते. मोठ्या आतड्याचे तीन भाग करतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. अण्णांना उजवीकडं दोन, मधल्या भागाला तीन, डावीकडं तीन. नवापैकी आठ. मी तो कागद अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि खिशात ठेवला.

कॅन्सर नव्हता. अगदी उजव्या टोकाला आतड्याच्या भिंतीवर नाजूक रक्तवाहिन्यांचं लालसर जाळं होतं, नखाएवढं. साठीनंतर असं होतं कधीकधी, थेंबथेंब रक्त तिथूनच जातं. ते भिंतीला सपाट चिकटलेलं असतं, त्यामुळं वर मळाचा पातळ थर असला तरी दिसत नाही. पहिल्या वेळी दुर्बीण तिथवर पोचली असती तरी ते दिसलं नसतं. त्यांनी ते तिथंच जाळून बंद केलं. ऑगस्टमध्ये हिमोग्लोबिन ११.४ झालं. पुन्हा तसंच जाळं होऊ शकतं असं सांगून ठेवलंय.

कमोडची खुर्ची परत करायची होती, पण अण्णा म्हणाले थांब. शेजारच्या अव्वांना, ज्यांनी विड्या वळून तीन पोरं मोठी केली, त्यांना हीच तपासणी सांगितली होती. संध्याकाळी अण्णा काठी घेऊन त्यांच्याकडं गेले. मला वाटलं, धीर द्यायला गेले असतील. वीसेक मिनिटांनी परत आले, खुर्चीत बसले, जरा दम घेतला.

"एकवीस हायत," ते म्हणाले. "त्यांच्या कॉटपासनं. आणि बोळात दिवा न्हाई."